साठच्या वर

अकरा फेब्रुवारी, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे, ठोके साठ. — मेजावर पितळेची चकती पालथी पडली होती. कोटाच्या बटणाएवढी, कडेला हिरवट झालेली, मधोमध पांढरा ठिपका, आणि त्या ठिपक्यातून निघालेली तार इतकी बारीक की चष्म्याशिवाय ती दिसत नव्हती, नुसती असावी असे वाटत होते. त्याने एका बोटाने चकती सुलटी केली. गार होती. गार आहे हे त्याला कळले, पण गार लागली नाही... हा फरक गेल्या काही महिन्यांत त्याच्या चांगलाच लक्षात आला होता. एखादी गोष्ट कळणे आणि ती लागणे यांच्यामध्ये आता एक रिकामी जागा राहत होती — नीट न बसवलेले दार आणि त्याची चौकट यांच्यात राहते तशी. पण या फटीतून वारासुद्धा येत नव्हता.

मनगटावर बोट ठेवून घड्याळाकडे पाहण्याची त्याची सवय जुनी. उत्तर मात्र आता आधीच ठाऊक असे. गेल्या मार्चमध्ये डॉक्टरने गळ्याच्या डाव्या हाडाखाली काडेपेटीहून लहान असा पेसमेकर बसवला होता. त्याचे काम साधे होते : हृदयाने एक सेकंदभर स्वतःहून ठोका दिला नाही, तर यंत्राने तो द्यायचा, हृदयाने आधी दिला, तर यंत्राने गप्प बसायचे. साठच्या खाली जाऊ द्यायचे नाही, एवढेच. डॉक्टर हे कागदावर काढून समजावू लागला तेव्हा त्याने डॉक्टरच्या हातातले पेन घेऊन आकृती स्वतःच पुरी केली होती. डॉक्टर म्हणाला होता, "आजोबा, मग तुम्हीच बसवून घ्या की!" तो हसला नव्हता. हसायला हवे होते, हे दवाखान्याच्या फाटकापाशी पोहोचल्यावर त्याच्या ध्यानात आले.

सात वाजता मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते आणि वर्गाची घ्यावी तशी त्याची हजेरी घेते.

"बाबा, गोळ्या?"

"घेतल्या."

"शर्ट?"

"पांढरा. पुढून बटणं असलेला."

"आईला सांगितलंत?"

तो चकतीची तार सरळ करत राहिला.

"म्हणजे नाही सांगितलंत. बाबा, ऑपरेशनच्या वेळी मला शपथ घातलीत, मी गप्प बसले. पण आज ती स्वतःच्या हाताने तुमच्या छातीवर ती चकती लावणार. तिला तो उंचवटा दिसणार नाही?"

"मी ती आधीच लावून ठेवीन."

"धन्य आहे तुमची." पलीकडे कुकरची शिटी झाली, मुलीने कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितले. "ऐका आता. मी सांगितलं म्हणू नका. मावशी गेल्यापासून आई त्या घरात एकटी आहे. मी तिला म्हटलं, बाबांकडे जा ना आता, किती दिवस असं दोघांनी दोन चुली मांडून बसायचं? तर म्हणाली, अकरा तारखेला ऐकते आणि मग ठरवते."

"काय ऐकते?"

"बाबा, निदान तुम्ही तरी असं विचारू नका."

त्याने फोन ठेवला. म्हणजे आज संध्याकाळी ती ऐकणार, आणि जे ऐकू येईल त्यावरून या घरात यायचे की नाही ते ठरवणार. वाक्य स्पष्ट होते. त्यात समजायला अवघड असे काहीच नव्हते. आनंद व्हायला हरकत नव्हती, धास्ती वाटायलाही हरकत नव्हती. त्याने पुन्हा मनगटावर बोट ठेवले — धास्ती वाटली असती तर बरे झाले असते, आकड्यात दिसली असती. साठ.

त्याने पेटी उघडली. पत्र्याची, राखाडी रंगाची, वर लाल आकड्यांची लहान खिडकी असलेली ही पेटी त्याने चाळीसएक वर्षांपूर्वी स्वतः बनवली होती. चकती छातीवरची थरथर पकडते, पेटी ती मोठी करून भोंग्याकडे पाठवते आणि मिनिटाला किती ठोके ते खिडकीत दाखवते. आत एके ठिकाणी, डाव्या कोपऱ्यात, कथलाचे डाग कापून काढल्याच्या खुणा होत्या आणि तेवढी जागा मोकळी होती. त्या जागेकडे त्याने पाहिले नाही. पाहिले नाही, हे मात्र त्याला कळले.

'अर्थिंग' हे त्यांच्या चौघांच्या वाद्यवृंदाचे नाव लोहाराने ठेवले होते. लोहार जातीने किंवा घराण्याने नव्हे. तंत्रनिकेतनात तो भट्टीच्या विभागात होता आणि तिथल्या ऐरणीवर ताल धरायचा, म्हणून लोहार. तसाच हा, सगळे मोजत बसणारा, मोजपट्टी. तिसरा तारवाला, जो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोलादी तार ताणायचा आणि तिच्यावर सारंगीसारखा गज फिरवायचा. चौथी ती, पुढे मोजपट्टीची बायको झालेली. ती आरेखन शिकत होती आणि काहीच वाजवत नव्हती. ती चालायची, उभी राहायची, एका बादलीतले पाणी दुसऱ्या बादलीत असे ओतायची की सबंध सभागृह त्या धारेकडे कान लावून बसे. पहिला कार्यक्रम कॉलेजच्या लेथ मशीनच्या शेडमध्ये झाला. अर्थिंग सदोष होते. लोखंडी पत्र्याला हात लागला की लोहार ताडकन उडे. प्रेक्षकांना वाटले, उडी बसवलेली आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या कारकिर्दीची सुरुवातच अशी गैरसमजातून झाली... आणि मग आम्ही तो गैरसमज नेटाने पंचवीसएक वर्षे चालवला. पत्र्यांवर बर्फाच्या लाद्या ठेवून त्या वितळेपर्यंत लोकांना बसवले. सभागृहाच्या मालकाने कार्यक्रमानंतर चौघांच्याही हातात फडकी दिली. शिवणवर्गातली यंत्रे मागून आणली आणि ती कापडाशिवाय चालवली. एका वर्तमानपत्राने लिहिले, की हा प्रकार संगीत-समीक्षकाच्या नव्हे, पोलिसांच्या अखत्यारीत येतो. लोहाराने ते कात्रण चौकटीत बसवून ऐरणीशेजारी टांगले. मग हळूहळू लोक येऊ लागले, दूरदूरची बोलावणी येऊ लागली, तरुण मुले आमच्यासारखे राखाडी सदरे घालू लागली. आणि हे सगळे झाले ते 'खुर्ची'मुळे.

'खुर्ची'त करायचे काही नव्हते. मोजपट्टीने खुर्चीत बसायचे. छातीवर चकती. त्याचा ठोका भोंग्यातून सर्वांना ऐकू यायचा आणि लोहार आणि तारवाला त्याच चालीने वाजवायचे. तोच ताल, दुसरा नाही. ती सभागृहाच्या मागच्या दारातून निघायची आणि प्रेक्षकांमधून, अतिशय सावकाश, खुर्चीपर्यंत चालत यायची. हातभर अंतरावर थांबायची. पाहायची. बस्स. पण ती जसजशी जवळ येई तसतसा ठोका चढू लागे — बहात्तर, ऐंशी, पंचाण्णव — आणि त्याच्याबरोबर लोहाराचा हातोडा, आणि तारेचा आक्रोश. आणि हसायला आलेली माणसे खुर्च्यांच्या कडा धरून बसत. पहिल्या वेळी हे कुणीच ठरवलेले नव्हते. नंतर त्याचे दोनच नियम झाले. चकती लावायची ती तिनेच, आधी तळहातात धरून ऊब देऊन, कारण गार पितळेने ठोका उगाचच उडतो. आणि चकतीतून जे येईल तेच वाजवायचे. आधी ध्वनिमुद्रित केलेले काहीही नाही.

घरी तो अबोल होता. रागीट नव्हे, तुसडाही नव्हे; नळ दुरुस्त करायचा, तिच्या चपलेचे अंगठे शिवून आणायचा, तापात रात्रभर उशाशी बसायचा, पण तोंडाने म्हणून काही निघत नसे. ती मैत्रिणींना सांगे, "तुम्ही बरं, नवऱ्याला नुसतं विचारता. मला कार्यक्रम ठरेपर्यंत थांबावं लागतं." मैत्रिणी हसत. तोही हसे. यात एक गोष्ट मात्र त्याने कुणालाच सांगितली नव्हती : त्याला स्वतःलाही ते भोंग्यातूनच कळत असे. ती दाराशी दिसली की छातीत काही होते आहे असे आतून जाणवत नसे... आवाज बाहेरून यायचा, सभागृहाच्या दोन्ही भिंतींवरून, आणि तो चकित होऊन ऐकायचा — अच्छा, हे असे आहे तर.

म्हणूनच शेवटच्या कार्यक्रमाचे काय झाले हे त्याला आजही सांगता येत नाही. सभागृह प्रचंड होते, आवाज घुमत होता. लोहार कुरकुरत होता — तुझा ठोका पुढेमागे होतो, एवढ्या मोठ्या जागेत मला तो पकडता येत नाही. त्याने दुपारी बसून एक लहानसा भाग तयार केला आणि पेटीत डाव्या कोपऱ्यात बसवला. हा भाग मागच्या पुष्कळ ठोक्यांची सरासरी काढी आणि ताल एकसारखा ठेवी. हृदयाचा ताल वाजवायला सोपा व्हावा म्हणून त्याने हृदय सपाट केले, आणि हे करताना आपण काय करतो आहोत हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही; सगळ्यांनी मान डोलावली, लोहाराने पाठ थोपटली. त्या संध्याकाळी ती दारातून निघाली तेव्हा ठोका बहात्तर होता. ती अर्ध्यावर आली तेव्हा बहात्तर. ती हातभर अंतरावर उभी राहिली तेव्हा बहात्तर. ती पुष्कळ वेळ उभी होती. मग मागे वळून ज्या चालीने आली त्याच चालीने निघून गेली, आणि लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

आतल्या खोलीत त्याने तिला कागदावर आकृती काढून दाखवली. तिने ती शांतपणे पाहिली. आरेखन शिकलेली बाई, तिला सगळे समजले. "बरोबर आहे," ती म्हणाली. आणि मग, चपला घालताना, "तुझ्याकडे नेहमी एखादं यंत्र असतंच." दुसऱ्या दिवशी त्याने तो भाग कापून काढला, पण त्यानंतर कार्यक्रम झालाच नाही. मुलीची शेवटची परीक्षा होईपर्यंत ती घरात राहिली, मग थोरल्या बहिणीकडे गेली. भांडण नाही, वकील नाही. जाताना भिंतीवरच्या घड्याळाला चावी कधी द्यायची तेवढे सांगून गेली. — त्या संध्याकाळी माझा ठोका चढला होता की नव्हता? ते कळण्याचा एकच मार्ग होता आणि तो मीच डाग देऊन बंद केला होता.

दुपारी लोहार भाड्याची गाडी घेऊन आला. पत्रे, हातोडे, दोन भोंगे मागे भरलेले.

"काय रे मोजपट्ट्या, कसा आहेस?"

"साठ."

"वय नाही विचारलं, लेका. आणि विचारलं असतं तरी खोटं बोलतोयस. अडुसष्ट."

लोहार जाड झाला होता. खुर्चीत बसताना तो आधी खुर्चीला विचारतो की काय असे वाटावे, इतक्या जपून बसला, आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढून मेजावर, चकतीशेजारी ठेवली.

"तारवाल्याच्या बायकोनं दिली. गेल्यावर त्याचं कपाट आवरताना सापडली. हरामखोरानं नियम मोडून 'खुर्ची' टेप केली होती. चांगल्या दिवसांतली."

"मग?"

"मग काय मग? आज तुझा ठोका वर गेला तर ठीक. नाही गेला तर? आपल्या वयात ठोका कुठला चढायला, रक्तदाब चढतो. संग्रहालयवाल्यांनी परत एकदा 'खुर्ची' करायला एवढी जागा दिलीय, माणसं येणार, आणि ती येणार. तिच्यासमोर परत एकदा तसलंच? मला नाही बघवणार. ही लावू. खोटं काय आहे त्यात? ठोका तुझाच आहे, चाललीय तीच."

युक्तिवादात दोष सापडत नव्हता. त्याने टेप वाजवण्याचे यंत्र पेटीला जोडले, मध्ये एक खटका बसवला — वर केला की चकती, खाली केला की टेप — आणि कानाला हेडफोन लावून चाचणी घेतली. एक तरुण हृदय चालत होते. मग ते चढू लागले. ऐंशी, नव्वद, शंभराच्या पुढे. मध्येच एक ठोका अडखळला, पुन्हा सावरला... तिथे ती थांबली असणार, हातभर अंतरावर. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. ध्वनिमुद्रण स्वच्छ होते. तारवाल्याने माइक कुठे लपवला असेल याचा त्याने थोडा वेळ विचार केला.

"काय?" लोहाराने विचारले.

"खरखर अजिबात नाही," तो म्हणाला.

लोहार उठून स्वतःच चहा टाकायला गेला.

जागा म्हणजे एकेकाळचा छापखाना होता. यंत्रे काढून नेली होती, फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन उरले होते आणि भिंतींना शाईचा वास धरून बसला होता. काचेच्या कपाटात त्यांचे राखाडी सदरे टांगलेले होते, बाहीवरच्या तेलाच्या डागांसह, आणि पोलिसांबद्दलचे ते कात्रण. व्यवस्था पाहणारी बाई हळू आवाजात बोलत होती, माणूस गेलेल्या घरी बोलतात तसे. त्याने खुर्ची जागेवर ठेवली. पूर्वी भोंगा खुर्चीच्या खालीच असे. लोहार तो तिथे ढकलू लागला तेव्हा त्याने थांबवले.

"लांब ठेव. भिंतीपाशी."

"का? तिथंच असायचा."

"घुमेल," तो म्हणाला. भोंग्यात मोठे लोहचुंबक असते आणि लोहचुंबकापासून लांब राहा असे दवाखान्यातल्या कागदावर लिहिले होते. लोहाराने खांदे उडवले आणि भोंगा भिंतीपाशी नेला.

आतल्या खोलीत एकटे असताना त्याने शर्टाची तीन बटणे काढली, चकती छातीवर टेकवली, चिकटपट्टी लावली, बटणे पुन्हा लावली. आरशात पाहिले. काहीही दिसत नव्हते. सांगून टाकण्याचाही एक मार्ग होता, तो त्याने सकाळपासून चारही बाजूंनी तपासला होता. छातीत यंत्र आहे, ते साठ ठेवते — एवढेच सांगितले की साठ ऐकू आल्याचा दोष कुणाकडेच जात नव्हता. लोहार विश्वास ठेवेल, मुलगी ठेवेल, प्रेक्षक हळहळतील. ते खरे मात्र नव्हते. यंत्र खाली जाऊ देत नाही. वर जायला ते कधीच अडवत नाही. साठ राहिले तर ते यंत्राचे साठ नव्हेत, माझे आहेत. हे फक्त त्याला ठाऊक होते, आणि आकृती काढून दाखवली की तिलाही कळले असते.

ती दार न वाजवता आली. केस पांढरे, मानेपर्यंत कापलेले. खांद्याला कापडी पिशवी. पायात मऊ तळव्याचे जोडे, चालण्यासाठी खास जपलेले. वीस वर्षांत मुलीच्या घरी दोघे कधीमधी भेटत, पण तिथे मधे नातवंडे असत.

"मी मध्ये कुठं थांबले तर ती कला समजा," ती म्हणाली. "गुडघा आहे."

"अंतर कमी करू का?"

"नको. तुझी मोजमापं तुझ्याजवळ ठेव." ती समोरच्या स्टुलावर बसली आणि हात पुढे केला. "दे."

"लावली मी."

"लावलीस?" हात तसाच हवेत राहिला, मग मांडीवर आला. "ते माझं काम होतं."

"उशीर होईल असं वाटलं."

"गारच लावली असशील."

गारच लावली होती. बाहेर लोहार पत्रा ठोकून पाहत होता, एकदा, पुन्हा एकदा. काम चुकीच्या माणसाने केले होते. 'खुर्ची'ची रीत तशी नव्हती... हा विचार त्याला भावनेसारखा नव्हे, उलटा बसवलेला स्क्रू दिसावा तसा दिसला, आणि अशी वस्तू दिसल्यावर त्याला कधीच राहवत नसे. त्याने बटणे काढली, पट्टी उपटली, चकती तिच्या हातावर ठेवली.

तिने ती मुठीत धरली. डोळे मिटले होते की खाली पाहत होती, कळत नव्हते. मग स्टूल पुढे ओढून तिने चकती नेहमीच्या जागी टेकवली आणि पट्टीचे टोक वर खांद्याकडे नेताना तिचे बोट थांबले. बोट त्या उंचवट्याच्या कडेने गेले, एका कोपऱ्यावरून वळले, दुसऱ्या कोपऱ्यावरून वळले. आरेखनवाली बाई, वस्तूचा आकार तिने पुरा घेतला.

"कधी?"

"मार्चमध्ये."

"पोरीला माहीत आहे."

"शपथ घातली होती."

"कितीवर लावलाय?"

"साठ."

"म्हणजे साठच्या खाली जाणार नाही." तिने पट्टी दाबून बसवली. "आणि वर?"

इथे थांबता आले असते. एक शब्द पुरला असता.

"वर जायला अडवत नाही," तो म्हणाला. "हृदयानं आधी ठोका दिला तर ते गप्प बसतं."

तिने वर पाहिले. इतक्या जवळून त्याने तिला पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते. पापणीवर एक नवीन तीळ होता. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"तुझ्याकडे नेहमी एखादं यंत्र असतंच," ती म्हणाली, पण या वेळी ती हसत होती, किंवा हसण्याच्या जवळपास होती. तिने त्याची बटणे एकेक करून लावली, वरचे सोडून, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "जाते मागच्या दाराशी. तिथून इथवर यायचं म्हणजे वेळ लागेल मला. बसून राहा."

सात वाजता दिवे मंद झाले. तो खुर्चीत बसला, पेटी पायाशी, खटका उजव्या हाताला. लोहाराने त्याच्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि हातोड्याच्या टोकाने हळूच खाली दाखवले : टेप. त्याने खटका वर केला. भोंग्यातून ठोका आला — जाड, पोकळ, छापखान्याच्या भिंतींवरून परत येणारा. खिडकीत लाल आकडे : साठ. लोहाराने सुस्कारा टाकला, मान हलवून चार ठोके मोजले आणि पाचव्याला हातोडा टाकला. तारवाल्याची जागा मोकळीच ठेवली होती. तिथे फक्त ताणलेली तार होती.

मागचे दार उघडले. ती निघाली. माणसे वळून पाहत नव्हती, ती शेजारून गेल्यावरच त्यांना ती दिसत होती. साठ. तो ऐकत होता. पूर्वी ऐकायचा तसाच, बाहेरून. हे तिचे चालणे, हा उजवा पाय थोडा ओढत येतो आहे, ही माझी बायको, ही येऊन पाहील आणि ठरवील — प्रत्येक वाक्य तो मनात मांडत होता आणि प्रत्येक वाक्य बरोबर होते आणि ठोका साठ होता. अर्ध्या वाटेवर ती थांबली. एका खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. लोकांना ती कला वाटली असावी. खटका हाताशी होता. खाली केला की शंभराच्या पुढे, स्वच्छ, खरखर नसलेले. त्याने हात मांडीवर घेतला. ती पुन्हा निघाली. साठ.

ती हातभर अंतरावर येऊन उभी राहिली, आणि पाहू लागली.

साठ. लोहाराचा हातोडा आता ठोक्याच्या इतका बरोबर पडत होता की दोन आवाज वेगळे राहिले नव्हते. म्हणजे हे असे आहे तर... तो तिच्याकडे पाहत होता, आणि काही लागत नव्हते, आणि काही लागत नाही हेसुद्धा लागत नव्हते. ती धापा टाकत होती. तोंड किंचित उघडे होते, कपाळावर घाम, आणि मानेच्या बाजूला, कानाखाली, कापलेल्या केसांच्या टोकाशी, कातडी उडत होती. भरभर. चालण्यामुळे असेल, गुडघ्यामुळे असेल. सवयीने तो ते मोजू लागला आणि मोजता मोजता त्याच्या लक्षात आले की हे आपण कधीच मोजले नव्हते. वीस वर्षे ती दारापासून खुर्चीपर्यंत चालत आली आणि सबंध सभागृहाने माझे ऐकले, मीही माझेच ऐकले; तिच्या छातीवर कुणी काही लावले नव्हते. तेव्हाही ते असेच उडत असेल? इथवर येताना, दर वेळी? त्या शेवटच्या संध्याकाळीसुद्धा, बहात्तरच्या सपाट तालात, माझ्यापासून हातभर अंतरावर... आणि मी खुर्चीत बसून भोंगा ऐकत होतो. उडणारी ती लहानशी जागा त्याला दिसत होती, तिचा आवाज येत नव्हता. तो पुढे वाकला. आकड्यांकडे पाहायचे तो विसरला. तिच्या ठोक्यांची गणती चुकली, ती त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

तेव्हा लोहाराचा हातोडा मागे पडला. अगदी थोडा, सभागृहात ते दुसऱ्या कुणाला कळले नसते. ठोका आधी आला आणि हातोडा नंतर. लोहाराने चमकून मान वर केली. पुढचा हातोडाही मागे पडला.

तिनेही ऐकले असावे. ती वळली नाही. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सावकाश खाली, पायाशी असलेल्या पेटीकडे गेली, आणि तिच्या नजरेमागोमाग त्याचीही.

एकसष्ट.